इस्ट्रोजेनचा शिक्का

ज्या बाईचा आजार इस्ट्रोजेनवर पोसला जातो, तिला मी रोज एक इस्ट्रोजेनची गोळी लिहून दिली. लिहून दिली असंही म्हणवत नाही. शिक्का मारून दिली.

नव्वदच्या दशकात बदलापूर गावात माझं प्रसूतिगृह होतं. अंडाशय काढले की इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम बंद पडतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते. मग ते गोळीतून द्यायचं. तीच ती चिठ्ठी लिहायचा मला कंटाळा. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराकडून मी त्या चिठ्ठीचाच रबरी शिक्का करून घेतला. तो म्हणाला, "डॉक्टरसाब, अब हाथ को आराम, दिमाग को भी आराम." मला ती स्तुती वाटली.

कांबळेताई अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होत्या. त्यांना एंडोमेट्रिओसिस होता. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर भलत्याच जागी रुजतात, पाळीच्या वेळी तिथंही रक्त येतं. मी गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढले. आतड्याला चिकटलेले त्या पेशींचे डाग मात्र भीतीपोटी तसेच ठेवले. वाफा सुरू झाल्या, शिक्का मारला. वाफा थांबल्या. मी खूश.

काही महिन्यांनी ताई परत आल्या.

"डॉक्टर, तेच दुखणं."

"गर्भाशयच नाही, तर तेच कसं असेल? गॅस असेल."

"गॅस मला कळतो. आता खाडे झाले तर साहेब पॅकिंगला टाकणार आहेत. इतकी वर्षं घासून मिळवलेली जागा आहे ती."

मी गॅसचं औषध दिलं. जुनी गोळी चालू ठेवा म्हणून पुन्हा शिक्का मारला.

पुढच्या खेपेला त्यांना रिक्षातून सरळ उतरता येईना. तेव्हा कुठे मी मुंबईच्या माझ्या जुन्या मॅडमना फोन लावला.

"आतड्यावरचे डाग काढलेस?"

"सगळे नाही."

"आणि गोळी कुठली देतोयस?"

मी सांगितली.

"अरे, त्या डागांवर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे पेशीचा अँटेना समज. तू अंडाशय काढून स्टेशन बंद केलंस, अँटेना तसेच ठेवलेस, आणि मग केमिस्टच्या दुकानातून स्टेशन पुन्हा चालू केलंस. ते वाढणार नाहीत तर काय करतील?"

रिसेप्टर मी परीक्षेपुरते पाठ केले होते. ते पेशंटच्या पोटातही असतात, हे सोयीस्करपणे विसरलो होतो.

गोळी त्याच दिवशी बंद केली. मॅडमच्या सांगण्यावरून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू केल्या. त्या डागांनाही दाबतात आणि वाफाही थोड्या आवरतात. दुखणं हळूहळू ओसरलं. ताईंची तपासणीची जागा टिकली.

शेवटच्या भेटीत मी सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, शिक्क्यासकट. ताईंनी टेबलावरचा शिक्का उचलला, उलटा करून नीट पाहिला.

"शिक्का मीपण मारते, डॉक्टर. पास झालेल्या मालावर."

"मग आपण एकाच धंद्यातले," मी हसून म्हणालो.

त्या हसल्या नाहीत.

"आमच्याकडे न तपासता शिक्का मारणाऱ्याला गेटवर बसवतात. गाड्या मोजायला."