टपालताईंनी कुणालाच काढलं नाही

शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कबाईंना सगळे टपालताई म्हणत, कारण शाळेचा ईमेल त्यांच्या ताब्यात होता. ताई एक नंबरच्या भांडकुदळ. पालकांना फैलावर घेत, प्रिंटरला लाथा घालत, हेडमास्तरांना तोंडावर "तुम्हाला यातलं काही कळत नाही" म्हणत. पण शाळा सोडून गेलेल्याचं खातं पुसायचं म्हटलं की त्यांचा हात चालत नसे. "उद्या कुणाचं जुनं पत्र लागलं, तर कुठून आणू?" त्या खेकसत. निवृत्त झालेले, भांडून गेलेले, अगदी वारलेले वॉचमनकाकासुद्धा ऑफिसातल्या त्यांच्या ईमेलच्या मशीनमध्ये सुखाने नांदत होते.

त्यातच पीटीवाल्याचंही खातं होतं. हा लायब्ररीच्या बाईंचा नवरा. बायकोला गुरासारखा मारायचा. एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत तिचं डोकं कपाटावर आपटलं, तेव्हा कुठे शाळेने त्याला हाकललं. बाईंनी घर सोडलं, दुसरीकडे खोली घेतली. कोर्टाने त्याला त्यांच्या आसपास फिरकायची बंदी घातली.

"ताई, मी कुठे असते हे त्याला कळलं, तर तो मला जिवंत सोडणार नाही," बाई म्हणाल्या होत्या.

ताईंनी तिथल्या तिथे त्याचा पासवर्ड बदलला. "बसू दे बोंबलत!" खातं मात्र राहिलंच.

पुढे ते मशीन शेवटचे आचके देऊ लागलं आणि शाळेने ईमेल क्लाउडवर न्यायचं ठरवलं. म्हणजे मशीन कंपनीकडे आणि आपण हवं तिथून उघडायचं. कंपनीचा माणूस आला.

"जुनी खाती उडवू का?" त्याने विचारलं.

"हात तर लावून बघा! सगळीच्या सगळी न्यायची."

त्याने मुकाट्याने नेली. आता प्रत्येक खात्यावर नोंदलेल्या मोबाइलवर नवा पासवर्ड करायची लिंक तेवढी पाठवायची होती. ताईंनी 'सर्वांना' हे बटण दाबलं आणि चहाला गेल्या. पीटीवाल्याला घातलेलं पासवर्डचं कुलूप जुन्या मशीनला होतं. नव्याची किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने त्या राक्षसाच्या खिशात घातली होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

नव्या सोयीत सगळ्या स्टाफचे पत्ते आणि वेळापत्रक सगळ्यांना दिसायचं. हेडमास्तर खूश. गुरुवारी शाळा सुटल्यावर लायब्ररीत पुस्तकांची मोजणी, बाई एकट्या, हेही त्यात आलं.

गुरुवारी ताई ऑफिस बंद करत होत्या, तोच लायब्ररीतून किंकाळी आली. त्या धावल्या. बाई दोन कपाटांमध्ये पडल्या होत्या, तोंडातून रक्त येत होतं. पीटीवाला हॉकी स्टिक उगारून उभा होता. स्टिक खाली आली आणि बाईंच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज ताईंनी ऐकला.

"लपतेस काय?" तो ओरडला. "तुझं वेळापत्रक शाळेनेच पाठवलं मला! मोबाइलवर!"

ती लिंक, ते 'सर्वांना' बटण, ताईंना लख्ख आठवलं. पण त्या थांबल्या नाहीत. दारालगतचा आग विझवायचा सिलिंडर त्यांनी उचलला आणि सगळं बळ एकवटून त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो कोसळला. त्यांनी परत हाणला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा हेडमास्तरांनी मागून मिठी मारून त्यांना ओढलं, नाहीतर त्या दिवशी खून पडला असता. आणि खरं सांगायचं तर ताईंना तो पाडायचाच होता.

पोलिसांनी त्याला नेलं. दुसऱ्या दिवशी ताई हॉस्पिटलात गेल्या. बाईंचा एक हात प्लास्टरमध्ये होता, ओठ शिवलेले.

"ते मी पाठवलं," ताई म्हणाल्या. "त्याचं खातं मी काढलं नव्हतं. लिंक मीच पाठवली."

बाईंनी त्यांना जवळ बोलावलं आणि धड हाताने सणसणीत कानाखाली ओढली. शेजारच्या कॉटवरची म्हातारी उठून बसली. ताईंनी गाल चोळलासुद्धा नाही.

"माझा पत्ताही दिसला त्याला?" बाईंनी विचारलं.

"दिसला असणार."

"म्हणजे सुटला की तिथे येणार."

ताईंनी सरकलेली चादर बाईंच्या पायांवर नीट घातली.

"घर बदलायला हवं मग," बाई छताकडे बघत म्हणाल्या. "चांगली होती हो ती खोली. तिथे मी रात्री दाराला खुर्ची लावायचं सोडलं होतं."