आधी झोपवा, मग वायर काढा

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी आमच्या व्याह्यांइतका मशीनशी मायेनं आणि माणसाशी तुसडेपणानं बोलणारा इसम सापडायचा नाही, हे मी भंडारा उचलून सांगेन. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गुरं आवरून जमलं तर. तेव्हा लिहिण्यात कुणाला चूक दिसलीच, तर ती त्यानं आपल्यापाशी ठेवावी.

थोरली लेक मी त्यांच्या घरात दिली. त्यांचं मंचरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टीव्ही भिंतीला चिकटले, दुकानाला कुलूप लागलं, पण खिशातला टेस्टर काही गेला नाही. लोक खिशाला पेन लावतात तसा हे टेस्टर लावत. लग्नात मंगलाष्टका चालू असताना कर्णा घरघरायला लागला, तर नवरदेवाचे वडील मांडवातून गायब. शोधलं तेव्हा फेट्यासकट अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं उकिडवे बसलेले. लेकाच्या लग्नाच्या अक्षता त्यांच्या पाठीवर पडल्या. वर मलाच म्हणाले, "पावणं, अर्थिंग न्हाय तुमच्या मांडवाला."

म्हातारपणी त्यांना नवं खूळ लागलं. पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पाटी घेऊन ते आमच्या गावी, बोरीला आले आणि म्हणाले, हा अख्खा कॉम्प्युटर आहे, ह्याच्या पोटात लिनक्स चालतं. मी विचारलं, ते खातं काय? "वीज. अन् अर्धपोटी ठेवलं का रुसतं." सगळी अक्कल म्हणे नखाएवढ्या एका कार्डात, पाटी नुसतं धड. ती पाटी त्यांनी जेवणाच्या डब्यात बसवून माझ्या द्राक्षबागेच्या मोटारीच्या खोलीत टांगली. माती ओली की कोरडी ते डबी बघणार आणि ठिबकचा व्हॉल्व्ह आपला आपण उघडणार. मी म्हणालो, जन्मभर माती मुठीत दाबून पाणी दिलंय, आता डबीला विचारून देणार नाही. ते म्हणाले, "नका इचारू. ती बी तुमाला इचारायची न्हाई."

लाईट अवचित गेली की कार्ड नासायचं, म्हणून त्यांनी गाडीची जुनी बॅटरी जोडली आणि मला एक लाल बटण दाखवलं. ते दाबून धरायचं, हिरवा दिवा विझला की डबी झोपली, मगच वायरीला हात. "आधी झोपवा, मग वायर काढा. पोरगं लिहीत आसताना हातातली पाटी वढली तर त्ये काय लिहील?" असं त्यांनी माझ्याकडून घोकूनच घेतलं.

खंडेनवमीला घरोघर नांगर-विळे पुजतात. ह्यांनी कार्ड बाहेर काढून त्याच्या सोनेरी दातांना ओलं हळदकुंकू लावलं, नमस्कार करून परत खोचलं. डबी मेली. मग त्यांनी वायरी बदलल्या, बॅटरी बदलली, वायरमनच्या सात पिढ्या उद्धारल्या, मलाही दोन शब्द सुनावले. शेवटी आमच्या घरातलं माणूस चहा घेऊन आलं आणि म्हणालं, "इवाईबुवा, त्या कार्डाचं तोंड लाल कशानं झालंय?" त्यांनी बघितलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "देवाचं हाये त्ये. देवाला कोण दोष देतं?" पुढच्या खंडेनवमीपासून कुंकू पाठीला.

एवढी राखण करूनही डबी सारखी बिघडायची. बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस आला की हमखास काहीतरी निघायचं, आणि मी लेकीला फोन केला की मोटारसायकलवरून हे हजर. बिनकामाचं सुनेच्या माहेरी जाणं त्यांच्या लेखी हलकेपणाचं होतं. चपला काढायच्या आधी "काम हाये म्हणून आलो" हे ठरलेलं. मग मोटारीच्या खोलीपुढं आम्ही दोघं बसायचो. ते कार्ड फुंकायचे, पुसायचे, मी तंबाखू मळायचो. काम चहा निवायच्या आत व्हायचं. बसणं उन्हं उतरेपर्यंत चालायचं. "इवाई, तुमची डबी लई नाजूक," मी म्हणायचो. "नाजूक न्हाय, मानी हाये. तुमच्यावानी." निघताना पुन्हा एकदा आत जायचे, डब्याचं झाकण स्वतःच्या हातानं लावायचे.

मग त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि डॉक्टरनं मोटारसायकल बंद केली. त्यानंतर एकदाच आले, लेकाच्या गाडीतून. जुन्या रेडिओचा स्पीकर डबीला जोडला. मला वाचायला जड जातं म्हणून त्यांनी दुरुस्तीची सगळी शिकवण, जिला ते स्क्रिप्ट म्हणायचे, स्वतःच्या आवाजात नव्या कार्डात भरून आणली होती. बिघडली की डबीच सांगणार काय करायचं ते. दाखवायला त्यांनी एक वायर सैल केली. डबी बोलली, "पावणं, आधी चा घ्या. मग डाव्या हाताची निळी वायर दाबा." मी दाबली. व्हॉल्व्ह चालू झाला, डबी गप्प झाली.

"फुडं काय हाये?" मी विचारलं.

"बिघडंल तवा ऐका. सगळं आजच सांगितलं तर मशीन कशाला?"

द्राक्षं उतरायच्या आत ते गेले. मी खांदा दिला.

त्या दिवसापासून डबी एकदाही बिघडलेली नाही. वादळात खोलीचे पत्रे उडाले, उंदरांनी खताच्या गोण्या फोडल्या, डबी ठणठणीत. आधी मला त्याचा अभिमान वाटला. मग बाजाराच्या दिवशी खोलीपुढं एकटा बसलो असताना रस्त्यानं मोटारसायकल गेली, आणि झाकण लावायला पुन्हा आत जाणारे व्याही मला दिसले. बिघाड कोण ठेवून जायचं, ते तेव्हा उमगलं. बोलून दाखवायला समोर कुणी नव्हतं.

लेक म्हणते, "आप्पा, कार्ड माझ्याकडं द्या. घरी कॉम्प्युटरला लावून मामंजींचा समदा आवाज ऐकू. ही कार्डं आपली आपण मरत्यात. मेलं तर काहीच हाती लागायचं न्हाई." तिचं खरं आहे. तिलाही तो आवाज हवा आहे, हे मला कळतं. एकदा लाल बटण दाबून धरलंही होतं. दिवा मिणमिणायला लागला आणि मी बोट काढून घेतलं. तिला सांगितलं, "खरं काम निघू दे. काम नसताना त्ये कुणाच्या दारात गेलं न्हाईत. आता मी त्यास्नी कसा बोलवू?" ती पदरानं तोंड पुसून आत गेली.

आता बाजाराच्या दिवशी चहाचा पेला घेऊन मी डबीपुढं बसतो. निळी वायर घट्ट आहे. हिरवा दिवा लुकलुकतो. बागेत पाणी वेळेवर सुटतं, एक वेल कोरडी राहत नाही. इवाई, इतकं चोख काम करून जायचं नव्हतं.