मगनभाऊच्या गिटारचा नंबर

योगराज सोनगीरचा. बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायची हा त्याचा धंदा. ट्रम्पेटचा पोचा काढण्यापासून बँजोची तार बदलण्यापर्यंत सगळं एकटा करतो. लग्नसराई जवळ आली की फैजपूरपासून धुळ्यापर्यंतचे बँडवाले त्याच्या ओट्यावर येऊन बसतात. वाद्य हातात आलं की ते कुठलं, आधी कोणी उघडलं आणि कोणी बिघडवलं, हे चहा येईतो तो सांगून मोकळा होतो. 'माले माहीत नही' असं साठीपर्यंत त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. फैजपूरच्या झुंबरबाईनं ते त्याला बोलायला लावलं.

तिचा नवरा मगनभाऊ बँड चालवायचा. आपल्या बँडात बासष्ट-त्रेसष्ट सालची अमेरिकेची इलेक्ट्रिक गिटार आहे, असं तो जन्मभर सांगत आला. गावानं त्याचं नावच अमेरिका पाडलं. त्याचा मोठा भाऊ पुना आबा तर भर पंगतीत विचारायचा, काय मगन, आज अमेरिकेत कशाची भाजी? मगनभाऊ जाऊन तीन वर्षं झाली, पण टवाळी काही गेली नाही. शेवटी बाई गिटार गोणपाटात गुंडाळून एसटीनं सोनगीरला आली. विकायचं नाव तिनं काढलं नाही.

"ते खरं सांगत व्हते का खोटं, इतकं मले सांगा, भाऊ. जे असंल ते."

योगराजनं गिटार पालथी केली. मान जिथे अंगाला जोडलेली असते तिथे मागून लोखंडी पट्टी होती, चार स्क्रूंची, नंबर ठोकलेली. पट्टी बाहेरच्या देशाची वाटत होती, लाकूड मात्र वाटत नव्हतं. तेव्हा तो म्हणाला, माले माहीत नही, पुस्तक देखनं पडी.

आता असलं पुस्तक आणायचं कुठून? जळगावच्या दुकानांत तीस दिवसांत गिटार शिकवणारी पुस्तकं ढिगानं होती. मोबाइलवर शोधलं तर दर माणूस त्या नंबराचं वेगळं साल सांगत होता, तेही छातीठोक. मग तो धुळ्याच्या कॉलेजात गेला. तिथल्या ग्रंथपाल सुलक्षणा मॅडमची पेटी त्यानंच दोनदा दुरुस्त केली होती. मॅडमनं इकडून तिकडून चार पुस्तकं मागवली आणि इंग्रजी वाचून दाखवायचं कबूल केलं.

पण कोणत्या पुस्तकावर भरवसा ठेवायचा? सोनगीरच्या बाजारात हंडा घेणारा आधी तो बोटानं वाजवून बघतो. योगराजनं पुस्तकं तशीच वाजवली. तरुणपणी धुळ्याच्या एका ऑर्केस्ट्रातली जपानी गिटार त्यानं स्वतः उघडली होती, आणि मान वाकू नये म्हणून आत घालतात ती लोखंडी सळई तिच्यात नव्हती. हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तो मॅडमला म्हणाला, आधी तेवढं काढा. पहिलं पुस्तक गुळगुळीत, पानोपानी रंगीत फोटो. त्यात लिहिलं होतं, त्या जपानी कंपनीच्या सगळ्या गिटारींत सळई असते. योगराजनं ते बाजूला सारलं. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची तीच गत. चौथ्याला फोटोच नव्हते, कव्हरही सुटलेलं. मॅडमनं वाचलं: काही वर्षं सळई घातली नाही, नेमकी कोणती ते आम्हाला कळलेलं नाही.

"हाई पुस्तक चाली," योगराज म्हणाला. "जे माहीत नही ते माहीत नही म्हणस."

त्याच पुस्तकात पुढे निघालं, की पट्टीच्या नंबरावर जाऊ नका, पट्टी बदलता येते. मान सोडवा, आत कारखान्याची तारीख असते, ती पाहा. योगराजनं सोनगीरला येऊन मान सोडवली. आत ना तारीख ना खूण. रंग खरवडला तर खाली आपलं सागवान, रंध्याचे ओरखडे असलेलं. पट्टीचा नंबर मात्र पुस्तकातल्या यादीत बसत होता. अमेरिकेचा, एकोणीसशे त्रेसष्ट.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. दसऱ्याच्या पूजेआधी बँडवाले सगळी वाद्यं खोलतात, लोखंड-पितळ एकाच घमेल्यात रॉकेलमध्ये टाकून घासतात, आणि हाताला येईल ते हाताशी असेल त्याला लावतात. एका गिटारची पट्टी अशीच दुसरीला बसली असणार. त्यानं फैजपूरला फोन लावला. बँडात दुसरी गिटार होती का?

होती, बाई म्हणाली. मळकी, रंग उडालेली. दोन वर्षांमागं चेपलेल्या ट्रम्पेटांबरोबर तिनंच भंगारवाल्याला दिली. चकचकीत होती ती ठेवली. बोलता बोलता ती थांबली. 

मग ती म्हणाली, "म्हंजे ते खरं सांगत व्हते."

"खरं सांगे मगनभाऊ. पट्टी इलायती शे. बाकी बठ्ठं आठलंच, आपलं सागवान."

"मग तुम्ही इथं या. आबाच्या तोंडावर सांगा."

योगराज गेला. पुना आबाच्या ओट्यावर पट्टी ठेवली, पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स शेजारी ठेवली, आणि घमेल्याची सगळी हकिगत सांगितली. आबानं नंबर दोनदा ताडून पाहिला. मळलेली तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

"म्हंजे मगन्या खरं बोलत व्हता," तो म्हणाला. मग विचारलं, "अन् ती खरी कुठं हे?"

"भंगारात," झुंबरबाई पदर सावरत म्हणाली. "मीच घातली."

आबानं इकडं तिकडं पाहिलं. हे भंगाराचं गावात बोलू नको, म्हणाला, लोक आता तुले हसतील.

"हसू द्या, आबा. सांगायचं तं अख्खं सांगीन."

आणि ती योगराजसाठी चहा टाकायला आत गेली.