सखुबाईंचा फोटो उतरेपर्यंत

शिला राठोडला मुलगी झाली तेव्हा वारंगा फाट्याच्या व्यंकटरावांनी बर्फी खाल्ली, हात पुसले आणि विचारलं, "आता आमचा कॉम्प्युटर अडला तर कोण येणार?"

प्रश्न बराबर होता. त्यांच्या खत-बियाण्याच्या दुकानातला बिलाचा कॉम्प्युटर शिलानंच बसवला होता. तो रुसला की ती सेनगावहून जीप बदलत जाऊन सुरू करायची. आता कडेवर लेकरू. साल २००६. दूरचा कॉम्प्युटर घरबसल्या चालवता येईल अशी सॉफ्टवेअरं निघाली होती. नेट मात्र दोन्हीकडं टेलिफोनच्या तारेचं.

पहिलं सॉफ्टवेअर देखणं होतं. व्यंकटरावांच्या स्क्रीनवर त्यांच्या बायकोचा, सखुबाईंचा, फोटो होता. तो शिलाच्या घरी पट्ट्यापट्ट्यानं उतरू लागला. आधी डोक्यावरचा पदर, मग कुंकू. नाकापाशी लाइन तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा पदरापासून. मुलगी उठली, दूध पिऊन झोपली; सखुबाई हनुवटीपर्यंत आल्या होत्या.

दुसरं हलकं होतं, पण त्यातला माउसचा बाण हाताच्या फार मागून यायचा. शिलानं बिल छापायला बटण दाबलं, ते भलतीकडंच लागलं आणि वारंग्याचा कॉम्प्युटर बंद झाला.

तिसऱ्याची सीडी तिनं जीपवाल्याबरोबर पाठवली आणि मोबाइल लावला.

"काका, हे चालंल. पण रंग कमी करावे लागतील. अन् काकूंचा फोटो काढावा लागंल."

"काहून? त्याची काय तकलीफ?"

"सगळी लाइन तोच खाऊन राहिला. अक्षरं मागंच राहतात."

"न्हाई जमायचं," व्यंकटराव म्हणाले.

मागून सखुबाईंचा आवाज आला. "काढा की! मी हितंच बसून हाय. गिऱ्हाईक कवाचं उभं हाय उन्हात."

फोटो निघाला. सेनगावात करड्या स्क्रीनवर नुसती अक्षरं उमटली. शिलानं चुकलेली सेटिंग बदलली, आणि फोनमधून प्रिंटरची करकर ऐकू आली. ती इतक्या जोरात "आलं!" म्हणाली की मुलगी दचकून रडू लागली.

पुढं फाट्यावरच्या आणखी दुकानांनी तिला काम दिलं. मुलगी चालायला लागल्यावर ती एकदा वारंग्याला गेली. सखुबाईंनी पोरीला उचलून घेतलं. शिला कॉम्प्युटरपुढं बसली, बटण दाबलं आणि घरच्या सवयीनं हात मांडीवर ठेवून वाट बघू लागली.

"झालं की ते," व्यंकटराव म्हणाले.