नोंदवहीतली एकेचाळीस मुलं

शिक्षण कार्यालयातल्या त्या कारकून बाईंना सगळे रकानेबाई म्हणत, कारण त्या फॉर्मचा एकही रकाना कोरा सोडत नसत. अठरा वर्षं त्यांनी घरोघर फिरून मुलांची माहिती भरली होती. 'मूल अपंग आहे का?' या प्रश्नावर बहुतेक दारांत 'नाही' यायचं आणि त्या मुकाट्याने 'नाही' लिहायच्या.

त्या वर्षी फॉर्म बदलला. मुलाला दिसायला, ऐकायला, चालायला, शिकायला त्रास होतो का, आणि किती, असं आता विचारायचं होतं.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईने मशीनवर बसल्या बसल्याच त्यांना सांगितलं, "माझी पोर धडधाकट आहे. गेल्या वर्षीच सांगितलंय तुम्हाला."

"हो, पण तिला ऐकायला त्रास होतो का?"

"ऐकते की. तोंडाकडे बघत असली की सगळं ऐकते."

"आणि पाठमोरी असताना?"

आईने मशीन थांबवलं. आठ वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून चिंध्या रंगवार लावत होती. आईने हाक मारली. मग मोठ्याने मारली. मुलीचे हात थांबले नाहीत.

"शाळेत लक्ष नसतं म्हणून मागच्या बाकावर बसवतात," आई हळूच म्हणाली. "मीही कान पिळलेत तिचे."

रकानेबाईंनी 'बराच त्रास' लिहिलं. गेल्या वर्षीचा 'नाही' त्यांच्याच अक्षरात होता, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

मागच्या साली त्या भागात अपंग म्हणून तीन मुलं नोंदली होती. यंदा एकेचाळीस निघाली.

"साथ आली की काय?" कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं.

"मुलं तीच आहेत साहेब. आपण विचारायला शिकलो."

साहेबांना ते झोंबलं. त्यांनी फेरतपासणी लावली. श्रवणतज्ज्ञ आणि डोळ्यांचे डॉक्टर बरोबर आले. दोन नावं गळली, पाच नवी वाढली. साहेबांनी यादीवर सही केली.

सात महिन्यांनी शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलीला कानाचं यंत्र मिळालं. पहिले काही दिवस गोंगाटाने वैतागून ती ते काढून ठेवी. शाळेने तिला पुढच्या बाकावर आणलं. विशेष शिक्षिका मात्र आठवड्यातून दोनच दिवस येई.

जुन्या आकड्यांवर 'विश्वसनीय नाहीत' असा शेरा मारावा, असं रकानेबाईंनी लेखी सुचवलं. ते काही मंजूर झालं नाही. त्यांनी नकाराचं पत्र फाइलला लावलं आणि पुढच्या वस्तीचे फॉर्म पिशवीत भरले.