पाव्हण्यांच्या मांडीवर धामण

माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला पाव्हणे यायचे होते, त्याच सकाळी आमच्या समोरच्या खोलीत साप निघाला. ही साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. आमचं गाव कळंबपासून कोसावर. दिवाळी होऊन गेली होती, वेचणी जोरात होती आणि समोरच्या खोलीत निम्म्या भिंतीपर्यंत कापूस भरलेला होता. उरलेल्या जागेत सतरंजी टाकून पाव्हण्यांना बसवायचं, असा आईचा बेत. बहीण सतरंजी घेऊन आत गेली आणि सतरंजीसकट उलटी बाहेर आली.

"माय, कापसातून शेपूट लोंबून राह्यलं."

"कोनाचं?"

"मी काय तोंड पाह्यलं त्याचं?"

वडील जाऊन काही वर्षं झाली होती, म्हणून बोलणी करायला मामा मुद्दाम आला होता. मामा जंगलखात्यात कारकून. जंगल त्यानं बहुतेक फायलीतूनच पाहिलेलं, पण साप म्हटल्यावर खात्याची अब्रू त्याच्यावर आली. तो अंगणातल्या बाजेवर चढला आणि तिथून म्हणाला, "नाग हाय. मी फुत्कार ऐकला."

"तो आपला बैल शिंकला, मामा," मी म्हणालो.

शेजारचे दोघे काठ्या घेऊन आले, त्यांना आईनं दारातूनच परत पाठवलं. "मारायचा नाई. आज पोरीचं काम हाय. आन काय हाय ते समजल्याबिगर कोनी आत पाय ठेवू नोका."

मग ती मला घेऊन मागच्या खिडकीशी गेली. मी गजांतून बॅटरी मारली. कापसावर एक लांबलचक साप पसरला होता. उजेड पडताच त्यानं मान उचलली, गळा फुगवला आणि घुरघुरला.

"फणा! फणा!" मामा आमच्या मागून ओरडला.

"फना नाई तो, गळा फुगवला त्यानं," आई म्हणाली. "डोळे पाह्य केवढाले. अंग पिवळट, शेपटाकडं काळ्या रेघांची जाळी. धामन हाय. विख नाई तिले. पन चावली त रगत काढते, लांबूनच काम करा."

धामण म्हटल्यावर मामा जास्तच घाबरला. "बाई, धामण नाकात शेपूट घालते!" असं म्हणून त्यानं उपरण्यानं नाक घट्ट बांधलं. पुढचं त्याचं सगळं बोलणं सर्दी झाल्यासारखं ऐकू येत होतं.

आईनं एक मोठा मातीचा डेरा खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून आडवा ठेवला. मी दुसऱ्या बाजूनं लांब बांबूनं कापूस हळूहळू सरकवायला लागलो. धामणीला अंधार हवा होता. ती भिंतीच्या कडेकडेनं सरकत गेली आणि डेऱ्याचं काळं तोंड दिसताच आत शिरली. शेपूट आत जायला इतका वेळ लागला, की मामानं मध्येच विचारलं, "एकच हाय ना?" आईनं बांबूनं डेरा उभा केला, तोंडावर जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा टाकला आणि सुतळीनं आवळला.

बैलबंडीत कुटाराचा भुसा घालून डेरा ठेवला. मी बैल हाकायला, मामा डेरा धरायला. आमचं शेत फाट्याच्या रस्त्याला होतं. तिथं नाल्याकाठच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तिला सोडून पाव्हण्यांच्या आधी परतायचं ठरलं.

पण पाव्हणे सकाळच्या मोटारीनंच येऊन फाट्यावर उतरले होते. वळणावर मुलाचे वडील आणि मुलगा पायी येताना दिसले. वडिलांनी लांबूनच हात वर केला. "वा! बंडी पाठवली बाप्पा!"

मामानं नाकावरचं उपरणं घाईनं खाली ओढलं. "या या, तुमच्यासाठीच त आलतो!"

दोघं चढून बसले. मी बैल वळवले आणि धामण पुन्हा घराकडे निघाली.

डेरा डगमगताना पाहून मुलाच्या वडिलांनी तो उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. "फुटन ना. काय हाय यात?"

"दही," मामा म्हणाला.

"दही हालून राह्यलं."

"बंडी हालते ना."

थोड्या वेळानं डेऱ्यातून घुरघुर आली. पाव्हण्यांनी कान लावला. "आन हा आवाज?"

"आंबट होऊन राह्यलं असन," मामा म्हणाला. मुलगा मान फिरवून शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाटीकडे पाहत होता. त्याचे खांदे हलत होते.

घरी मामा काही बोलायच्या आत पाव्हण्यांनीच डेरा आत नेला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला. आईनं डेऱ्याकडे पाहिलं, मग मामाकडे, मग माझ्याकडे. तेवढ्यात बहीण पोह्याचं ताट घेऊन आली. तिला लुगड्याचा हिरवा तुकडा दिसला. ताट कललं, पोहे सांडले आणि ती तोंडाला पदर लावून आत पळाली.

"पोरगी काहून हासली?" पाव्हण्यांनी विचारलं.

आई सरळ म्हणाली, "भाऊ, खरं सांगते. यात दही नाई, धामन हाय. सकाळी याच खोलीत निघाली."

पाव्हणे बराच वेळ स्वतःच्या मांडीकडे पाहत राहिले. धोतर झटकून म्हणाले, "केवढी हाय?"

"पुरुषभर असन."

"मंग मले द्या ना. आमच्या कोठ्यात उंदरं लय माजले."

"धामन परगावी देनार नाई. ती इथली, इथंच ऱ्हाईन. पोरीचं बोला."

धामण सोडायला सगळेच निघाले. बहिणीला कोणी चल म्हटलं नाही आणि नको असंही कोणी म्हटलं नाही. धुऱ्यावर मुलानं डेरा आडवा केला, मागच्या बाजूला उभं राहून सुतळी सोडली आणि काठीनं कापड ओढलं. धामण काही बाहेर येईना. "झोपली," असं म्हणत मामा पाहायला वाकला आणि ती निघाली ती थेट त्याच्या दोन पायांमधून. मामानं उडी मारली ती थेट मुलाच्या वडिलांच्या गळ्यात. धामणीनं दोघांकडेही लक्ष दिलं नाही. गवत हललं, नाल्याकडे एक रेघ गेली आणि संपलं.

स्वयंपाक येते का, शिवण येते का, हे विचारायचं राहूनच गेलं. पाव्हण्यांनी मामाला गळ्यातून सोडवत बहिणीला एवढंच विचारलं, "तुले भेव नाई लागत काय?"

"लागते," ती म्हणाली. "पन मामाले पाह्यलं का हासूच येते."

त्यावर मुलगा इतका हसला, की त्याला धुऱ्यावर बसावं लागलं. सुपारी त्याच दिवशी फुटली. आईनं उरलेले पोहे गरम केले, पाव्हण्यांनी दोनदा मागून घेतले. मामा मात्र जेवायलाही खोलीत आला नाही. त्यानं आपलं ताट अंगणात, बैलांच्या शेजारी मांडून घेतलं.