काकीचा खासगी रस्ता

काकी माणसाला शिवी घालायची तीसुद्धा पाणी विचारत. मिठबावला आमच्या शेजारीच तिची कलमांची बाग. तिठ्यावरून बागेतून तिच्या घरापुढच्या खळ्यापर्यंत येणारा रस्ता तिच्या नवऱ्याने स्वतःच्या जमिनीत, आंब्याच्या पेट्या बाहेर काढायला केलेला. सरकारचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण फोनवरच्या नकाशाला कोणी सांगितलं देव जाणे, तो त्याला समुद्राकडे जायचा जवळचा रस्ता म्हणून दाखवू लागला.

झालं! गाड्या थेट खळ्यात. कोकमाची सोलं वाळत घातलेली, त्यांच्यावर टायर. काकी पदर खोचून बाहेर यायची. "मेल्यांनू, डोळे खंय ठेवलास? ह्यो काय हायवे आसा?" आणि त्याच दमात, "पाणी व्हया? बसा." मग गूळ यायचा, सरबत यायचं. मी चिडायचो. ती म्हणायची, "वाट चुकलेल्याक तान लागणा नाय काय रे?"

मी देवगडला एका वकिलाकडे कारकून. वहिवाटीचे दावे रोज बघतो, लोक वर्षानुवर्षं जात राहिले की वाटेवर त्यांचाच हक्क. बागेच्या मागे एका बाहेरच्या माणसाने लॉज बांधलं होतं आणि तो उघड म्हणायला लागला होता, "या रस्त्याने सगळेच येतात, कोणी अडवत नाही, मग खासगी कसला?" मी काकीला समोर बसवून सांगितलं, "आज तू सरबत देतंस, उद्या कोर्टात वहिवाट म्हणान रस्तो जातलो. बाग मधोमध चिरतली." काकी "ह्यांनी केलेलो रस्तो," एवढंच म्हणाली.

मी फोनवरून नकाशातली चूक कळवली. उत्तर आलं, तपासलं, रस्ता वापरात आहे. पुन्हा कळवली, पुन्हा तेच. कारण शोधलं आणि कपाळाला हात लावला. सरबत पिऊन गेलेल्या मंडळींनी त्या रस्त्याला पाच-पाच तारे दिले होते! 'मस्त शॉर्टकट, प्रेमळ काकी, नक्की थांबा.' मी वाचून दाखवलं तर बाई लाजली. वर विचारते कशी, "त्या नागपूरच्या बायेन काय लिवल्यान?"

शेवटी बंद फाटकाचा फोटो पाठवायचं ठरलं. फाटक म्हणजे आमच्याकडचं बांबूचं बेडं. काकी ते लावायला तयार होईना. आमच्या गावात दिवसा बेडं लावलेलं दिसलं की लोक समजतात, घर बंद, मंडळी मुंबईला. "मी अजून जिती आसंय मरे!" ती म्हणाली. दोन दिवस आम्ही भांडलो. तिसऱ्या दिवशी तिनेच हाक मारली. बेडं लावलं, 'खासगी रस्ता' अशी पाटी टांगली आणि स्वतः पुढ्यात उभी राहिली. "माका पण घे फोटोत. लोकांका कळांदे, घरात माणूस आसा."

आठवड्याभरात रस्ता नकाशावरून गेला. गाड्या थांबल्या. लॉजवाल्याने निमूटपणे दुसरीकडून वाट काढली. काकी दुपारची खळ्यात बसून "बरा झाला" म्हणायची, पण तिच्या तोंडावरून तसं वाटायचं नाही.

दोन वर्षांनी, जानेवारीत ती झोपेतच गेली. तिचा मुलगा मुंबईहून पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीने निघाला. एरवी कधीमधी रेल्वेने यायचा, मी स्टेशनवरून घेऊन यायचो. मधल्या काळात तिठा रुंद झालेला, खुणेचा वड तोडलेला. सगळा गाव खळ्यात ताटकळत बसलेला, आणि याचा फोन. "अरे, मी व्हाळाच्या पलीकडच्या काठावर उभा आहे. नकाशात पुढे रस्ताच नाही." तिच्या लेकाला तिच्या घरची वाट मी फोनवर सांगितली. मागे फिर, तिठ्यावर ये, डावीकडे कलमांतून आत. मला त्याचा संताप आला आणि तेवढाच स्वतःचाही. रस्ता पुसला होता मीच.

दिवसकार्य आटोपून निघताना तो म्हणाला, "तो रस्ता परत नकाशावर घालता येईल का? मे महिन्यात मुलांना घेऊन येईन म्हणतो." घालता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. पण नकाशावर रस्ता आला की त्याच्या मागोमाग लॉजवालाही आला.

"नको," मी म्हटलं. "निघालास की फोन कर. मी तिठ्यावर येऊन उभा राहतो."

मे सरला, फोन आला नाही. काकीच्या कलमांचे आंबे मीच उतरवले.